स्वतः वापरून पाहिलं आहे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी नऊ. ॥ श्री ॥
आज सकाळी साडेसहाला, पूजा झाल्यावर, आरतीच्या आणि नळ यायच्या आधी, मी एक टिप्पणी लिहिली. तशी रोजच लिहितो. पण आजची लिहिल्यापासून मनात काहीतरी टोचतंय, म्हणून नोंद.
शहराच्या बातम्यांच्या अ‍ॅपवर मथळा होता: ग्वाल्हेरच्या मुलीनं बनवलं यंत्र, नळाला पाणी आलं की फोन वाजणार. फोटो उघडेना, नेट मंद. बातमी लांबलचक. मला मथळा पुरतो. लिहिलं की असली खेळणी पुष्कळ आली नि गेली, लोकांनी सावध राहावं. वाचून पाहिलं, तर जोर वाटेना. आमचे वकीलसाहेब (इंदरगंजला त्यांच्या ऑफिसात मी तेवीस वर्षं मुनशी आहे) नेहमी सांगतात, ऐकीव साक्षीला किंमत नसते, साक्षीदारानं स्वतः पाहिलेलं हवं. म्हणून एक ओळ जोडली. मी स्वतः वापरून पाहिलं आहे, आठ दिवसांत बंद पडलं.
वापरलेलं नाही. पण वापरलं असतं तर बंद पडलंच असतं. तेव्हा तत्त्वतः खोटं नाही.
चहा होईपर्यंत चौदा लाइक.
मी 'निष्पक्ष नागरिक' या नावानं लिहितो. घरी कुणाला ठाऊक नाही. स्वतःच्या नावाचा मोह नको म्हणून.
संकल्प: उद्यापासून दिवसाला तीनच टिप्पण्या. टेक्नॉलॉजी एक, बिझनेस एक, ताज्या घडामोडी एक. बजेटवर अजून बरंच लिहायचंय, ते आज उरकतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार. ॥ श्री ॥
यशश्री आली होती. लीलाताईची मुलगी, माझी भाची. इंजिनियर आहे. नोकरी सोडून वर्षभर घरी काहीतरी जुळवत बसलीय एवढं माहीत होतं. काय ते विचारायचं राहून गेलं.
एका हातात तिळाच्या गजकचा डबा, दुसऱ्या हातात पांढरी पेटी. आल्याआल्या म्हणाली, मामा, न्यूज पाहिली का? माझीच आहे! यंत्राचं नाव 'पानी आया'. पहिलं मामाकडेच लावायचं ठरवलं होतं, पण अकरा बघता बघता गेली, हे बारावं. मी घाईनं गजक तोंडात टाकली, म्हणजे बोलायला नको. माझी बायको वनमाला तिला पुनःपुन्हा जवळ घेत होती, तोवर मी चार खाल्ल्या.
मग पोरगी पाना घेऊन टाकीवर चढली. मामा, पकडो ज़रा. मी शिडी धरली. मनापासून धरली.
दुपारी विचार केला. आता यंत्र माझ्याकडे आहे. आठ दिवसांत बंद पडलं तर टिप्पणी खरी ठरते. तारखेचा थोडा फरक, एवढंच.
लाइक नव्वद.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. ॥ श्री ॥
यंत्र वाजतंय. रोज सहा चाळीसला, बरोबर आरतीच्या वेळी. वनमाला अकरा वर्षं एक कान नळाकडे ठेवून झोपत आली. म्हणाली, पोरीनं माझी झोप परत दिली.
मी देवाकडे यंत्र बंद पडावं असं मागितलेलं नाही. पूजेत फक्त त्याचा उल्लेख केला.
टिप्पणी पुसावी असं आज वाटलं. पण पुरावा नष्ट करणं बरोबर नव्हे. वकीलसाहेबांचं याबाबत फार कडक मत आहे. शिवाय दोनशे बारा लोक सहमत आहेत, त्यांचाही विचार करायला हवा. बातमीखाली आता ती सर्वांत वर दिसते.

९ फेब्रुवारी, रविवार. ॥ श्री ॥
यशश्रीनं टिप्पणीखाली उत्तर दिलंय. सर, तकलीफ़ के लिए माफ़ कीजिए, अपना यूनिट नंबर बताइए, घर आकर बदल देंगे.
तिनं मला सर म्हटलं. अशा माणसाला उत्तर न देणं असभ्यपणाचं. लिहिलं, नंबर झिजून गेला आहे. पाच मिनिटांत तिचं आलं, नंबर आतल्या बाजूलाही आहे, सर. मी लिहिलं, यंत्र भंगारात दिलं.
सकाळची एक धरून तीनचा कोटा इथेच संपला. एआयवर लिहायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. ॥ श्री ॥
आठ दिवस पूर्ण. चालू आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी. ॥ श्री ॥
यशश्री येऊन गेली. चेहरा उतरलेला. थाटीपूरच्या एका कॉलनीत साठ घरांची ऑर्डर जवळजवळ ठरली होती. तिथले सचिव दौलतसिंहजी म्हणाले, बेटा, हमने कमेंट पढ़ा, कमेटी रुक गई है. दोन मार्चच्या मीटिंगमध्ये ठरेल. साठ यंत्रांचं सामान ती आधीच मागवून बसलीय.
म्हणाली, मामी, एकूण बारा यंत्रं लागलीत. तुमचं सोडलं तर अकरा घरं, एकेकाला मी नावानं ओळखते. त्यातलाच कुणीतरी खोटं बोलतोय. रोज स्कूटीवर एकेका घरी जातेय.
मग माझ्याकडे वळली. मामा, तुम्ही वकिलांकडे आहात, असा माणूस शोधता येतो का? मी सांगितलं, फार अवघड असतं. तिनं विचारलं, कसा असेल हो हा माणूस? मी म्हणालो, वाईट नसेल, घाईत असेल. ती म्हणाली, घाई में कोई तीन बार झूठ नहीं बोलता, मामा.
जेवण गेलं नाही. गेलं, पण चव लागली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. ॥ श्री ॥
फार वाईट झालं. मुरारला उषाताई म्हणून निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या यंत्रावरचा नंबर पाण्यानं झिजला होता. यशश्रीनं त्यांनाच विचारलं, तुम्ही तर नाही ना लिहिलं? उषाताईंनी जागच्या जागी यंत्र काढायला लावलं. म्हणाल्या, चौतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, आता हे ऐकायचं? घेऊन जा.
नंबर झिजल्याचं मला सुचलं नसतं तर तिनं उषाताईंवर संशय घेतला नसता. एवढा तपशील द्यायची गरज नव्हती. चांगल्या मसुद्यात तपशील लागतो, ही सवय आडवी आली.
ठरवलं: यशश्रीला सांगायचं. लवकरच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
आज वर श्री लिहिलं नाही. हात अडला.
वनमाला मटार सोलत बसली होती, फोन समोर. म्हणाली, हा यशश्रीचा निष्पक्ष माणूस गमतीचा आहे हो. बजेटवर लिहितो, वर श्री. उपग्रहावर लिहितो, वर श्री. इलेक्ट्रिक स्कूटरला पेट्रोलपेक्षा वाईट म्हणतो, तिथेही श्री.
वडिलांची शिकवण. कोऱ्या जागेवर आधी श्री, मग मजकूर. गावच्या शाळेत पाटीवर काढायचो, ऑफिसात नोटिशीच्या मसुद्यावर काढतो. फोनवर बोट आपोआप जातं, मला कळतही नाही.
म्हटलं, असे भाविक शहरात पुष्कळ असतील. ती म्हणाली, असतील की. आणि सकाळी मी लिहून दिलेली किराण्याची यादी तिनं फोनशेजारी ठेवली. ॥ श्री ॥. साबुदाणा अर्धा किलो.
ती एवढंच म्हणाली, खोटं लिहायचं होतं तर वर देवाला कशाला बसवलंत?
मी उरलेला मटार सोलायला घेतला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
सांगायचं पक्कं. दिवस मात्र नीट निवडायला हवा. उद्या शनिवार. परवा पाहुणे. बुधवारी महाशिवरात्र, त्याहून चांगला दिवस कुठला? वनमालाला पटवून दिलं. ती म्हणाली, लिहिलंत त्या दिवशी कुठली तिथी पाहिली होती?
तीन तारखेपासूनच्या टिप्पण्या मोजल्या. एक्काहत्तर. रोज तीनच्या हिशेबानं सत्तावन्न व्हायला हव्या होत्या. बजेटमुळे वाढल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार.
ताईचा फोन. यशश्रीला नोएडाची नोकरी चालून आलीय. मीटिंगमध्ये नाही म्हणाले तर सामान विकून ती जाणार. ताई म्हणाली, वर्षभर पोरगी वेड्यासारखी राबली, आता आरशासमोर उभी राहून मलाच विचारते, आई, मी खरंच रद्दी चीज बनवली का? तू मामा आहेस, तू समजाव तिला.
मी हो म्हणालो.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.
अचलेश्वराच्या रांगेत दोन तास. उपास. रांगेत फोन खिशातच ठेवला, एकदाच काढला. गाभाऱ्यासमोर पोचलो तेव्हा काहीच मागता आलं नाही. मागे लोक ढकलत होते. पुजारी म्हणाला, आगे बढ़ो भाईसाहब.
यशश्रीकडे जायचं होतं. उपासानं अशक्तपणा आला होता. उद्या अमावस्या. शुभ नाही.
वनमालानं खिचडीची ताटली समोर ठेवली आणि उठून आत गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. अमावस्या.
गेलो. आधी दौलतसिंहजींकडे. ऑर्डर टिकली की यशश्रीला सांगणं सोपं जाईल, असा हिशेब.
कमिटीचे आणखी दोघं तिथे बसलेले. उभ्याउभ्याच सांगितलं की ती कमेंट माझी आहे आणि खोटी आहे, मी तेव्हा यंत्र पाहिलंही नव्हतं. दौलतसिंहजींनी विचारलं, आप लड़की के कौन? मी म्हणालो, मामा. ते हसले. अरे बैठिए! भांजी को बचाने के लिए इल्ज़ाम अपने सिर ले रहे हैं. दुसरा म्हणाला, ऐसा मामा सबको मिले. चहा आला.
लिहायला लाज वाटते, पण तो अर्धा कप मला गोड लागला.
मग फोन काढला, खातं उघडलं आणि त्यांच्या हातात दिला. एकूण अकराशे चाळीस टिप्पण्या. दौलतसिंहजी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. बँकांवर, मोबाइल टॉवरवर, कांद्याच्या निर्यातीवर. दोघं आधी हसत होते, मग एकमेकांकडे बघू लागले. एके ठिकाणी दौलतसिंहजी थांबले. नोव्हेंबरमधली बातमी, त्यांच्याच कॉलनीच्या पार्कची. खाली माझं, मी स्वतः जाऊन पाहिलं, सचिव झोपा काढत आहेत.
त्यांनी चष्मा काढला. पार्क भी आपने स्वयं देखा था?
नव्हता पाहिला. पार्क त्यांच्या दारासमोरच होता. गुलाब फुलले होते.
आता त्यांचा विश्वास बसला. म्हणाले, साठ का मैं नहीं कह सकता, रविवार को बात रखूँगा. निघताना विचारलं, लड़की को बताया? नाही म्हणालो. तो पहले वहाँ जाना था, भाईसाहब.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
सांगितलं. ती खोलीत तारा जोडत बसली होती. मी दारातच बोललो, म्हणजे बसावं लागू नये. तिनं मान वर केली नाही. हातातली तार जोडून पूर्ण केली. मग म्हणाली, शिडी तुम्हीच धरली होती ना, मामा?
मी वकिली भाषेत काहीतरी सुरू केलं. ती म्हणाली, रहने दो. चला मुरारला.
स्कूटीवर मागे बसून गेलो. उषाताईंनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, वय काय तुमचं? म्हटलं, एकोणपन्नास. त्या म्हणाल्या, मग वर्गाबाहेर उभं करण्यात अर्थ नाही. यशश्रीला आत घेतलं. म्हणाल्या, चूक तुझीही आहे, विचारायची पद्धत असते. लाव ते परत, बारा दिवस पहाटे नळाशी बसतेय मी.
मला कुणी आत बोलावलं नाही. मी दाराबाहेरच उभा होतो.

१ मार्च, शनिवार.
यशश्रीनं सांगितलं, आता खाली खरं लिहा, स्वतःच्या नावानं. आठ मसुदे केले. पहिल्यात चौथ्या ओळीपासून देशातल्या इंटरनेटच्या अवस्थेविषयी होतं, ते वनमालानं खोडलं. शेवटी चार ओळी उरल्या. मी हे यंत्र वापरलं नव्हतं, खोटं लिहिलं, आता ते माझ्या घरी पंचवीस दिवस नीट चालू आहे, यशश्रीची आणि ज्यांच्यावर संशय आला त्यांची क्षमा मागतो. शरच्चंद्र जगताप, लश्कर.
टिप्पणीखाली उत्तर म्हणून टाकलं. तीन लाइक. पुन्हा पुन्हा वाचलं. आजवरचं माझं हे सर्वांत चांगलं लेखन असावं.
वरच्या खोट्याला चारशे छत्तीस.

२ मार्च, रविवार. दुपारी.
यशश्रीचा फोन. कमिटीनं साठ नाही, सहा घरांना मंजुरी दिली. महिनाभर बघणार, मग पुढचं. तिनं नोएडाला अजून काही कळवलेलं नाही.
मग म्हणाली, मामा, तुमची माफी कुणी उघडतच नाही. लोग ऊपर वाला पढ़ते हैं. आज सकाळी एकानं तेच वाचून मला नाही म्हटलं. पुसून टाका सगळं.
मी म्हटलं, वरचं पुसलं की खालचं उत्तरही जाईल. तेवढं एक खरं लिहिलंय मी.
ती म्हणाली, जाऊ दे ना, मामा. ते तुमच्यासाठी होतं.
निदान माफीचा फोटो काढून ठेवावा असं मनात आलं. वनमाला समोरच होती. काढला नाही.
बटण दाबलं. फोननं विचारलं, सगळ्या उत्तरांसह काढून टाकायचं? नक्की?
टाकताना त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.
चारशे एकोणचाळीस झाले होते. बारा वाजून दहा मिनिटांनी 'हो' दाबलं.