भोकं पाडलेली टोपी

प्रिय राजू,

बजाजनगरातल्या शेडचं शटर, आईच्या देव्हाऱ्याची कवाडं, तुझ्या लग्नातलं कपाट, कंपन्यांचे कितीतरी साचे आणि शेवटी तुझ्या डोक्याची फायबरची टोपी. सगळं या हातांनी केलं, कुणाचा शागीर्द न होता. आज त्या टोपीसाठी एक माणूस शेडवर आला, म्हणून लिहायला बसलोय.

स्कूटरवरून पडलास तेव्हा हेल्मेट कुठं होतं रे? डिक्कीत! मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचं डाव्या बाजूचं हाड काढलं. तीन महिन्यांनी परत बसवलं, तर त्यात पू झाला. पुन्हा काढलं. डॉक्टर म्हणाले, "जंतू पूर्ण जाऊ द्या, मग टायटॅनियमची पट्टी बसवू." तोवर तिथं नुसती कातडी. तू खोकलास की ती वरखाली व्हायची. मला बघवायचं नाही.

म्हणून टोपी. प्लास्टरमध्ये ठसा घेतला, चार वेळा घासली. तू आरशात बघून म्हणालास, "दादा, लई घट्ट बसतीय. थोडी ढिली कर ना."

"अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाय त्यात. काम हाय माझं!"

"काम तुझं हाय, पण डोकं माझं हाय ना!"

दोघंही हसलो. ढिली मात्र मी केली नाही.

उन्हाळा लागला. आत घाम साचायचा, टाक्यांची जागा ओली राहायची, मग तिथं पुन्हा पू झाला. टोपीमुळंच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत. नाही असंही म्हणत नाहीत.

आणि तू? उशीवरचे पुवाचे डाग आठ दिवस बायकोपासून लपवलेस! का, तर पट्टी बसवायची तारीख पुढं जाईल म्हणून. अरे, गेली असती तर गेली असती! मला तरी सांगायचंस. पण कसं सांगणार? टोपीबद्दल एक शब्द मी ऐकून घेत नव्हतो.

तो पू मेंदूत उतरून तू गेलास, त्यानंतर साचा पुन्हा केला. आता टोपीला बावीस भोकं आहेत, आत धुता येणारं सुती अस्तर. कुणी गरजू आला की ठसा घेऊन करून देतो.

आजच्या माणसाला टोप्या काढून विकायला साचा हवा होता, पण भोकांशिवाय. "गुळगुळीत दिसली की खपते, शेठ."

"उन्हात घातलीय का कधी?" मी विचारलं.

राजू, या शेडमधून भोकांशिवाय एकही टोपी जाणार नाही. आणि कुणी घट्ट होतंय म्हणालं, तर आधी ढिली करीन, मग बोलीन.

तुझा,
दादा

ता.क. तीन लाख दहा हजार देत होता. नाय म्हणालो.