सव्वीस इंच, एकोणीस इंच

४ सप्टेंबर १९६७, सोमवार
केंटमधल्या कागद गिरणीत आज रुजू झाले. खोली उजेडाची, खिडकीखाली नदी. माझे यजमान सियोन गेल्यापासून इल्फर्डच्या घरात शांतता अंगावर यायची. इथे यंत्रांचा आवाज बरा वाटतो. माझं काम कागदाची गुंडाळी उलगडून डाग, चुण्या शोधायच्या आणि तिथे लाल चिठ्ठी खोवायची. फोरमन टॅपसेल लाकडी दांडक्याने गुंडाळी ठोकतो. आवाजावरून ती कुठे सैल, कुठे घट्ट ते त्याला कळतं. मी म्हटलं, आम्ही कलिंगड असंच घेतो. तो म्हणाला, मग मिसेस, तुमचं अर्धं शिक्षण झालंच की!

६ सप्टेंबर
माझ्या एप्रनच्या खिशात यांचं प्रार्थनेचं जुनं पुस्तक असतं. शेवटच्या दिवशी हे म्हणाले होते, जेमिमा, ते माझ्याबरोबर पूर. मी पुरलं नाही. हातात धरायला काहीतरी हवं होतं. आज त्यातलं एक सुटं पान निसटलं आणि कातरणांबरोबर लगद्याच्या हौदात गेलं. देवाचं नाव असलेला कागद आपण ज्यू फेकत नाही, माणसासारखा पुरतो. हौद थांबवा म्हणायला हवं होतं. तिसऱ्याच दिवशी नोकरी गेली असती. गप्प बसले.

१२ सप्टेंबर
कागदावर दबल्याच्या खुणा येतायत. टॅपसेलने शिकवलं, खूण जेवढ्या अंतराने पुन्हा येते तेवढा घेर असलेला रूळ शोधायचा, दोष त्याच्यात. मी टेप लावली. सव्वीस इंच, मग एकोणीस. पुन्हा सव्वीस, एकोणीस. असा रूळ गिरणीत नाही. टॅपसेल म्हणाला, तुमची टेप प्यायलेली दिसते.

१९ सप्टेंबर
तीन रूळ बदलले. खुणा तशाच.
आज जेवताना एकदम कळलं. घास खाली ठेवला. यांचा डावा पाय आखूड होता. एक पाऊल लांब, एक तोकडं. वीस वर्षं तो आवाज ऐकत स्वयंपाक केला मी.

२५ सप्टेंबर
आधी खुणा गुंडाळीच्या गाभ्याशी असायच्या. आता रोज थोड्या बाहेरच्या थरांकडे. जास्त खोल. टॅपसेल थट्टा करत नाही. विचारत होता, मिसेस, तुम्हाला काही ठाऊक आहे का. नाही म्हटलं.

२८ सप्टेंबर
खुणा सर्वांत वरच्या थरावर. रविवारी इल्फर्डला जाऊन पुस्तक यांच्या कबरीत पुरेन. अहो, रविवारपर्यंत थांबा.

२९ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार
आजचा कागद कोरा. एकही खूण नाही. टॅपसेल खूश, यंत्र बंद करून सगळे जेवायला गेले. मी एकटीच —

यंत्र बंद आहे. तरी गुंडाळीमागे फरशीवर —

एक लांब. एक तोकडं.

पुस्तक जमिनीवर ठेवलं. म्हटलं, अहो, घ्या, चुकले मी.

पुस्तकापाशी थांबले नाहीत. ओलांडून —

सव्वीस. एकोणीस. सव्वी—

पुस्तक नकोय यांना. यांनाही हातात धरायला काहीतरी —