दुसरा थर

२ मे
सकाळच्या बसने वसमतला आले. ह्यांची छपाईची खोली अगदी जागच्या जागी आहे. जाळीच्या स्क्रीन धुऊन भिंतीला टेकवलेल्या, शाईचे डबे झाकलेले, खिडकीतून भरपूर उजेड. मोंढ्याच्या बाजारातल्या हळदीचा वास येतो. हे गेल्यापासून दोन महिन्यांत आज पहिल्यांदा बरं वाटलं. लग्नपत्रिका छापून उरलेल्या वेळात हे काळ्या रेघांची चित्रं छापायचे. एका चित्राचा शाईचा पहिलाच थर झाला आहे. दुसरा मी छापणार. घरमालकीण द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्या मालकानं हयातभर रेघाच वढल्या, एखादा मोर तरी काढायचा व्हता. मी हसले.

४ मे
दुसरा थर छापला. ह्यांच्या पेन्सिलीच्या खुणांना कागद बरोबर लावला आणि स्क्रीनवरून शाई ओढली. सरळ रेघांवर किंचित तिरप्या रेघा बसल्या की मध्ये लाटा दिसतात. आपण सरकलो की त्याही सरकतात. हे सांगायचे, कागद हलत नाही, आपली नजर हलते. वाळल्यावर भिंतीला लावलं.

५ मे
स्टुलावर बसून पाहिलं. मधला भाग वर येतो, खाली जातो. अडकतो, मग घाईने दोनदा वर. ही लय मला पाठ आहे. नांदेडच्या दवाखान्यात नऊ दिवस मी ह्यांच्या छातीकडे बघत होते. दहाव्या दिवशी दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा छाती थांबली होती.
नजर काढून परत पाहिलं तर चित्र सपाट. मग हळूहळू सुरू होतं, पण दर वेळी आधीपेक्षा कमी.

७ मे
झोपले नाही. डोळे चुरचुरतात. चित्रावरून नजर न काढता, वहीकडे न बघता लिहिते आहे. प्रियदर्शनीचा फोन आला, परभणीच्या नर्सिंग कॉलेजातून. म्हणाली, आई, तुला धाप लागली आहे, मी शुक्रवारी येते.

८ मे
द्वारकाबाईंना म्हटलं, तोंड धुऊन येते, तोवर ह्याच्याकडे बघत बसा. नवऱ्यावर पहारा ठेवायला सांगितल्यासारखं सांगून राहिली, म्हणत स्टुलावर बसल्या.
परत आले तर चित्र जोरात वर-खाली होत होतं. द्वारकाबाईंच्या छातीवरचा पदर हलत नव्हता. ओठ निळे पडले होते. ओढून बाहेर नेलं. मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, काहून वढून राहिली बाई, आत्ताच तर बसले.
म्हणजे इतके दिवस माझाच श्वास—

९ मे
प्रियदर्शनी यायच्या आत फाडायचं. वडिलांचं चित्र म्हणून ती बघणारच.

हात ठेवला आहे. कागद कोमट— फाडलं तर ह्यांना मीच—
थोडं थांबू. एक श्वास पुरा होऊ दे.

बस आली वाटतं. फाडायला बळ नाही—

दारात उभी. बघू नको म्हणायला गेले. आवाज निघाला नाही. म्हणते, आई, किती थकलीस, पड जरा, मी बघते—
तिने स्टूल ओढलं.

डोळे मिटतात. वही उशाशी. खोलीत कुणीतरी सावकाश श्वास घेतं आहे. ती नाही. तिचे तर ओठ निळे—