गिटार अंजू पंधरेला, जाळीचे कापड केवळरामला

मी, भैयालाल कुंजीलाल टेंभरे, वय वर्षे चौसष्ट, राईस मिलमधून निवृत्त झालेला वायरमन आणि सदतीस वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार धरलेला माणूस, मुक्काम दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या हाताची दोन बोटे ठिकाणावर नाहीत, पण लिहायला ती लागत नाहीत. मला कोणी धमकावलेले, फूस लावलेली किंवा काही पाजलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे कागद दाखवले तर ते बनावट समजावेत. बनावट गोष्टींचा मला इतका वीट आला आहे की हे सर्व मी टाइप करून न घेता शाईने लिहीत आहे.

कलम १. दवनीवाड्यातील राहते घर मी मिलच्या पगारातून बांधले. माझ्यामागे ते पत्नी गोमती हिचे. ती हयात असेपर्यंत कोणीही, म्हणजे मुलगा नीलेश यानेही, 'आई, तू आता मागच्या खोलीत राहा' असे तिला सुचवू नये. समोरच्या खोलीत पंखा नीट चालतो, ती खोली तिचीच. तिच्यानंतर घर नीलेशचे. वाटणीत माझ्या नावे आलेल्या धानाच्या तीन बांध्या याच क्रमाने जातील, आधी गोमती, मग नीलेश.

कलम २. बँकेत जे असेल ते गोमतीचे. ते सगळे देवळाला देऊन टाकू नये अशी विनंती आहे. ती ऐकणार नाही, हेही मला माहीत आहे.

कलम ३. पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान आणि चार फुटी लोखंडी सळई हे सर्व नीलेशला. सळईबद्दल खुलासा करतो. खेड्यात कार्यक्रम असला की स्टेजमागच्या ओल्या मातीत मी ती ठोकत असे, बुडाशी मिठाचे पाणी ओतत असे आणि तिला अर्थिंगची तार जोडत असे. हे केले नाही तर गिटारच्या तारांवर हात असताना ओठ माइकला लागले की झटका बसतो. पंच्याण्णव साली तो मला बसला आणि आठ दिवस मी पेज पिऊन काढले. नीलेश आता मोठी साउंड सिस्टिम लावतो, बॉक्सची भिंत उभी करतो, लोकांच्या छातीची हाडे हलवतो, पण सळई ठोकायचा त्याला कंटाळा येतो. त्याने ती ठोकावी. गाणाऱ्याला इजा होऊ न देणे हे मिक्सरवर बसणाऱ्याचे पहिले काम आहे. मी त्याला हे शिकवले होते असे मला वाटत होते.

कलम ४. केवळराम हरिणखेडे, राहणार गोंदिया, याला माझ्या अ‍ॅम्पच्या स्पीकरपुढचे जाळीचे कापड द्यावे. ते मी काढून वेगळ्या पिशवीत ठेवले आहे. अ‍ॅम्पला नवे कापड लावले आहे.

केवळराम कीबोर्ड वाजवायचा. सत्त्याऐंशी साली त्याने, मी आणि ड्रमवाल्या शालीकराम कटरे याने मिळून सुरधारा ऑर्केस्ट्रा काढला. माझी गिटार कलकत्त्याला बनलेली, मी ती नागपुरातून मांडीवर घेऊन आणली होती. पहिली दहा-बारा वर्षे आम्ही खरेच वाजवायचो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, लग्नात, शारदा उत्सवात. चुकायचो, शिव्या खायचो आणि पुढच्या वेळी बरे वाजवायचो. केवळरामला तेव्हापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो. माझा अ‍ॅम्प त्याच्या डाव्या हाताला असायचा. दोन गाण्यांच्या मध्ये तो डावीकडे वाकून थुंकायचा. मी सांगितले, हात जोडले, एकदा कॉलर धरली. तो म्हणायचा, "अंधारात कोनाले दिसते गा?" ते कापड आता रंगाने आणि वासाने त्याचेच झाले आहे. त्याची वस्तू त्याला परत मिळावी.

२०१९ साली त्याने लॅपटॉप आणला. आधी त्यात फक्त ढोल होते. मग ड्रम आले. मग तो शालीकरामला म्हणाला, "तू नुसता बस मांगं, काड्या हलव. फोटोत चांगलं दिसते."

शालीकराम म्हणाला, "काड्या हलवाले घरी चूल हाय ना मले," आणि उठून गेला. तो परत आला नाही. मी मात्र हसलो आणि बसून राहिलो. पोस्टरवर 'लाइव्ह' हा शब्द केवळराम त्याच वर्षापासून ठळक छापू लागला.

कलम ५. नीलेशला माझ्या वाद्यसामानातले काहीही मिळणार नाही. त्याने याबद्दल आईशी भांडू नये. कारण त्याला माहीत आहे, इतरांसाठी लिहितो.

२०२३च्या मे महिन्यात तिरोड्याकडे दुपारचे लग्न होते. मंडपात पंखे होते, पण हवा नव्हती. गाण्याच्या मध्ये माझा एकट्याचा तुकडा आला आणि अर्ध्यात पहिली तार तुटली. मी हात उचलला. गिटार वाजतच राहिली. लोकांसमोरच्या मोठ्या बॉक्समधून तो तुकडा शेवटपर्यंत वाजला, माझ्या एकाही चुकीशिवाय, आणि वऱ्हाडाने टाळ्या दिल्या. माझा अ‍ॅम्प माझ्या पायाशी असल्याने मला नेहमी माझे वाजवणे ऐकू यायचे. लोकांना काय ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळले. मिक्सरवर नीलेश होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि मान खाली घातली.

केबल गुंडाळताना मी विचारले, "कधीपासून?"

"दोन सीझन झाले, बाबा."

"काऊन?"

"तुमची बोटं मांगं राहून राहिली. लोकायले समजते. केवळराम काका तुमाले काढूनच टाकत होता. मी मनलं, राहू द्या, मी सांभाळतो."

त्याच्या मते ती दया होती. असेल. पण त्या दोन सीझनमध्ये आम्ही कार्यक्रमाहून परतलो की तो ताटावर बसून मला विचारायचा, "बाबा, आज कसं वाजलं?" आणि मी त्याला सांगायचो. कुठे हात जड पडला, कुठे जमले, सगळे खुलवून सांगायचो. तो भात कालवत 'हो, हो' म्हणायचा. माझा आवाज बंद केला ते मी विसरलो असतो. तो प्रश्न मी विसरू शकत नाही. आजही त्याच्यासोबत जेवायला बसलो की घास तोंडात फिरत राहतो.

कलम ६. यात कोणाला काही द्यायचे नाही. वकिलाने हे कलम काढायला सांगितले. मी ठेवले आहे.

तिरोड्याच्या दिवसानंतर मी ऑर्केस्ट्रा सोडला नाही. आठ महिने आणखी उभा राहिलो. केवळराम माझे नाव पुकारायचा, 'गोंदियाचे गिटारसम्राट', मी चमकीचा कोट घालून पुढे यायचो, बोटे फिरवायचो आणि मान हलवायचो. लोक मोबाइल वर धरायचे. माझ्या बोटांतून काहीच वाजत नाही, हे कोणाच्याच नजरेला दिसत नव्हते, आणि ते दिसत नाही याचीच मला सवय लागली. पावसाळ्यात कंबर दुखू लागली तेव्हा मी घरी अ‍ॅम्प उघडला, आतला ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट काढून ठेवले, आणि पुढचा लाल दिवा तेवढा लागेल अशी वायर जोडली. मिलमध्ये चाळीस वर्षे मी कोणाचे कनेक्शन खोटे जोडले नाही. हे जोडले. उचलायला खोके हलके झाले म्हणून मला बरे वाटले, हे लिहिताना अंगावर पाल पडल्यासारखे होते.

कलम ७. देवरीची हकीकत. ही वाचल्याशिवाय कलम ८ समजणार नाही.

अंजू पंधरे ही देवरी तालुक्यातली. तिचे वडील इतवारू पंधरे जंगलाच्या कामावर मजुरी करायचे. अंजू एकविसाव्या वर्षी आमच्याकडे गायला आली. इतक्या वर्षांत आमच्या स्टेजवर जेवढे गाणारे आले, त्यांत सुराची पक्की ही एकच. लॅपटॉपमध्ये गिटारही आहे, हे तिला आम्ही कोणीच सांगितले नव्हते. प्रत्येक गाण्याआधी ती माझ्याकडे वळून म्हणायची, "काका, सूर द्या." मी बोट हलवायचो आणि नीलेश तिकडून लॅपटॉपमधला सूर सोडायचा.

२०२४च्या जानेवारीत देवरीला बचत गटांचा मेळावा होता. वेळ दुपारची. पोरीने स्टेजवर गाणे इतवारूजींना कधी पसंत नव्हते, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकायला आले होते आणि दुसऱ्या ओळीत बसले होते. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी लॅपटॉप अडकला. अंजू माझ्याकडे वळली.

"काका, सूर द्या."

मी तार छेडली. विजेशिवाय त्या गिटारचा आवाज डासाएवढा. तिने पुन्हा मागितला. माझ्यामागे रिकाम्या खोक्यावर लाल दिवा जळत होता. ती थोडी थांबली आणि स्वतःच्याच अंदाजाने तिने गाणे उचलले. बरोबर उचलले. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली आणि मैदान शांत झाले. तेवढ्यात केवळराम घाबरून कीबोर्डवर तुटून पडला, तेही भलत्याच पट्टीत. ती अडखळली, पुन्हा पकडायला गेली, पुन्हा त्याने घोळ केला. मागून कोणी ओरडले, "टेप बंद पडली, आता गाय ना बाई." लोक हसले. नीलेश लॅपटॉपवर वाकलेला होता.

केवळरामने माइक घेतला आणि म्हणाला, "माफ करा मंडळी, आमच्या गायिकेचा सूर चुकला."

अंजूने माझ्याकडे बघितले. माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. गिटार मुकी होती, मी मुका नव्हतो. 'पोरगी बरोबर आहे, आम्ही खोटे आहोत', एवढेच म्हणायचे होते. मी खाली बघून गिटारचा पट्टा नीट करू लागलो. तो नीटच होता. समोर इतवारूजी उठले, गमछा खांद्यावर टाकला आणि गर्दीतून निघून गेले.

त्यानंतर अंजू कोणत्याच स्टेजवर गायली नाही. देवरीत ब्लाऊज शिवते. मीही ऑर्केस्ट्रा सोडला, पण त्याचे कौतुक कोणी करू नये, फार उशीर झाला होता. माझ्या जागी केवळरामने कोणाला तरी उभे केले आहे. ऐकतो की त्याच्या गिटारला चारच तारा आहेत.

मार्चमध्ये मी आमगावमार्गे बसने देवरीला गेलो. अंजूने पाणी दिले आणि विचारले, "काका, तुमाले मालूम होतं का?"

मी म्हणालो, "होतं."

"मंग माझ्या बापाले सांगून जा. माझं बोलनं तो मानत नाही." इतवारूजी मोहफुलं वेचायला गेले होते. मी अंगणात बसलो. चारची बस आली तेव्हा उठलो आणि तिच्यात बसलो. ते यायचे बाकी होते.

कलम ८. माझी गिटार, अ‍ॅम्प, दोन पेडल, केबल आणि तारांचे न उघडलेले चार संच अंजू इतवारू पंधरे हिला मिळावेत. अ‍ॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट मी परत बसवले आहेत, वाजवून बघितले आहे. तिने वाजवावे, विकावे किंवा घेऊच नये. नाही म्हणाली तर कोणी तिची समजूत घालू नये. सामान तिच्या दारात ठेवून पळून येऊ नये. तिने घेतले नाही तर गोमतीने ते एखाद्या शाळेला द्यावे.

कलम ९. माझ्या मयतीला डीजे, बँड किंवा मोबाइलवरचे भजन नको. गायचे असेल त्याने तोंडाने गावे. येत नसेल त्याने गप्प चालावे. केवळराम आला तर येऊ द्यावा, पण त्याला श्रद्धांजलीचे भाषण करू देऊ नये.

कलम १०. माझ्यामागे सून प्रिया हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. तिच्यात आणि खोट्यात मला अजून ओळख दिसलेली नाही. तिने कलम ५, ६ आणि ७ देवरीला जाऊन इतवारूजींसमोर मोठ्याने वाचावीत.

पुरवणी. वरील मजकूर मी दिवाळीच्या आधी लिहिला आणि साक्षीसाठी शालीकरामकडे घेऊन गेलो. त्याने सगळा वाचला. कलम १० वर बोट ठेवून म्हणाला, "तो बुढा तुह्यापेक्षा मोठा हाय. तू मरशीन, मंग सून वाचून दाखवन, तंवर तो थांबते का? अन् इथंबी तुले दुसऱ्याचाच आवाज लागते?" मी कागदांची घडी घालून घरी आलो. दोन दिवस त्याचा राग आला. तिसऱ्या दिवशी बस पकडली.

इतवारूजी अंगणात झाडू बांधत होते. अंजूही होती. मी उभ्यानेच सांगितले, लॅपटॉप, लाल दिवा, पट्टा, सगळे. त्यांनी हातातले काम थांबवले नाही. शेवटी विचारले, "म्हंजे पोरीचा सूर बराबर होता?"

मी म्हणालो, "तिचा एकटीचाच बराबर होता."

त्यांनी झाडूची गाठ आवळली. मग अंजूकडे न बघता म्हणाले, "तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं मले. मीनंच मानलं नाही." त्यांनी मला बसा म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

निघताना मी अंजूला गिटारचे सांगितले. ती म्हणाली, "ते तुमी मेल्यावर पाहू."

म्हणून कलम १० मधील वाचनाची अट मी रद्द करत आहे. त्या ओळीवर रेघ मारून बाजूला सही केली आहे. कलम ८ जसेच्या तसे राहील.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: भैयालाल कुंजीलाल टेंभरे

साक्षीदार १: शालीकराम कटरे, शेती, राहणार दवनीवाडा. (साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलाने सुचवले, म्हणून त्याला काही दिलेले नाही. तो म्हणाला, "बरं झालं.")

साक्षीदार २: श्यामलाल बोपचे, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार दवनीवाडा.

ठिकाण: दवनीवाडा, जिल्हा गोंदिया
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५