शिलाईमशीन आणि एकोणऐंशी खलाशी

ता. ७ जानेवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी. वि. वि.

पेपरात तुझा फोटो पाहिला. दोन देशांचे दोन पुढारी तोंडं फिरवून बसलेत आणि मधे तू. टाय वाकडा. खाली छापलंय, 'थोर मुत्सद्दी'. मी शेजारणीला म्हटलं, हा थोर मुत्सद्दी दुसरीत असताना शाळा चुकवायला कोळशाच्या खोलीत लपला होता आणि शिंक आली म्हणून सापडला. ती म्हणाली, भावाचं कौतुक करायची ही काय रीत! मी म्हटलं, कौतुक सगळं जग करतंय, चेष्टा करायला मी एकटीच उरलेय.

पण खरं सांगू? तुझी पहिली नोकरी मी विसरत नाही. शहरावर बाँब पडत होते, अख्खी कचेरी पळाली आणि तू पोरगेला कारकून तिथेच बसून लोकांना बाहेर पडायचे परवाने देत राहिलास. शिक्क्याची शाई संपली तर हाताने सह्या केल्यास. ते आठवलं की माझी दुखरी मानसुद्धा ताठ होते.

आता या भांडणाचं काय? यांनी त्यांचे एकेचाळीस खलाशी धरलेत, त्यांनी यांचे अडतीस. समुद्रात कुणाची हद्द कुठे संपते ते माशांनाही ठाऊक नाही. तीन हिवाळे ती माणसं तुरुंगात. दोघं म्हणतात सोडतो, पण आधी त्यांनी सोडावं. वाचून मला हसूच फुटलं. अगदी रुसलेल्या जावा!

आमचंच बघ. सासूबाईंचं शिलाईमशीन आम्हा दोघींचं. तुझे दाजी गेले त्याच महिन्यात धाकटी मला म्हणाली, जाऊबाई, आता तुम्ही शिवणार कुणासाठी, मशीन खाली द्या. माझ्या काळजात सुई मोडली. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी बॉबिनची लोखंडी डबी गायब! मशीन वर माझ्याकडे, डबी खाली तिच्याकडे. सहा वर्षं एक टाका नाही. मी त्यावर फुलझाडाची कुंडी ठेवलीय. आधी तिने डबी द्यावी, मग पुढचं. हे तुझ्या पुढाऱ्यांना सांग, म्हणजे आपण एकटेच गाढव नाही असं कळून त्यांना बरं वाटेल.

मार्चअखेर नोकरी संपते ना? मग सरळ घरी ये. खोकल्याचं औषध घे. लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


ता. २९ जानेवारी

ती. ताईस,

स्वतःचाच कान धरून शि. सा. न. वि. वि.

एक घोटाळा झालाय. उभ्या जन्मात झाला नव्हता एवढा.

तुला माहीत आहे, माझा एक नियम आहे. वाटाघाटींच्या फायलीत जो कागद येईल तो दोन्ही बाजूंना त्यांच्या त्यांच्या भाषेत मिळायचा. एकापासून लपवून दुसऱ्याला काही दाखवायचं नाही. या एका नियमावर लोकांनी तीस वर्षं माझ्यावर विश्वास टाकला. तुझं पत्र मी खुणेसाठी त्याच फायलीत ठेवलं होतं. आमचा दुभाषा नवा आणि फार निष्ठावान. त्याने ते पत्र कोळशाच्या खोलीसकट भाषांतर करून दोन्ही टेबलांवर ठेवलं. गाढवही सुटलं नाही.

सकाळी मी आत गेलो तर दोन्हीकडची माणसं खाली मान घालून वाचत होती. मला वाटलं, संपलं. एकोणऐंशी माणसं माझ्या निष्काळजीपणाने आणखी एक हिवाळा आत काढणार. त्यांच्या नावांची यादी मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. खिसा फाटला तरी कागद तिथेच असतो. त्या क्षणी तो दगडाएवढा जड झाला.

मग त्यातले जे म्हातारे पुढारी, दोन महिने 'नाही' याशिवाय शब्द बोलले नव्हते, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की मग आधी कोणी दिलं? समोरच्यांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं आणि म्हणाले, आम्हालाही हेच विचारायचं होतं.

मी म्हटलं, अजून कुणीच नाही. तर बैठक तीन आठवडे पुढे ढकलली. म्हातारे म्हणाले, तुमच्या बहिणीचं उत्तर आल्यावर बसू.

ताई, मी तुला जा म्हणत नाही. मोठ्या बहिणीला हुकूम सोडणारा मुत्सद्दी अजून जन्मायचाय. फक्त खोटं लिहू नकोस. जे येईल ते मी त्यांच्यापुढे जसंच्या तसं ठेवणार आहे.

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


ता. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद तुला, शिव्या तुझ्या दुभाष्याला. वि. वि.

पत्र वाचून मी दोन दिवस जेवताना स्वतःशीच बडबडत होते. म्हटलं, देश त्यांचे, खलाशी त्यांचे आणि नाक माझं कापायचं? खोटंच लिहिणार होते. लिहिलंही, 'धाकटी रडत आली आणि पाया पडली'. इतकं छान जमलं होतं! मग ती यादी आठवली. त्यांतल्या कुणाची तरी ताई असेलच. कागद फाडला.

तिसऱ्या दिवशी कुंडी उतरवली, मशीन लाकडी पाटापासून सुटं केलं आणि उचलून जिना उतरायला लागले. सासूबाईंसारखंच जड आणि आडमुठं ते. वळणावर कठड्यात असं अडकलं की ना खाली जाईना ना वर येईना. हात सुटले असते तर मी आणि मशीन दोघांचाही कडेलोट होता. तेवढ्यात खालून धाकटी धावत आली आणि दुसरी बाजू धरली. मी दात ओठ खात म्हटलं, दोन्ही हातांनी धर. ती म्हणाली, नाही येत, मुठीत डबी आहे.

बारक्या, ती डबी घेऊन वरच येत होती! पेपरात तुझा फोटो तिनेही पाहिला होता. तिला म्हणे तुझा चेहरा वाळलेला दिसला आणि मला विचारायला काहीतरी निमित्त हवं होतं.

डबी पाहिली तर चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. सहा वर्षं दर महिन्याला तेल लावत होती. म्हणाली, त्या वेळी माझ्या तोंडून वाईट गेलं, जाऊबाई. तुम्ही वर एकट्या रात्रंदिवस मशीन चालवत बसाल आणि डोळे घालवाल असं वाटलं होतं, पण शब्द भलतेच निघाले. मी म्हटलं, शब्द राहू दे, आधी माझ्या पायावरून मशीन उचल.

आता उत्तर. आधी कोणी दिलं? मी म्हणते मी, कारण मशीन आधी जिन्यात आलं. ती म्हणते ती, कारण ती घरातून आधी निघाली. काल दिवसभर यावरूनच वाजलं. सहा वर्षं दोघींपैकी कुणालाच आधी द्यायचं नव्हतं आणि आता दोघींनाही आपणच आधी दिलेलं पाहिजे! यातलं खरं काय ते तुझ्या पुढाऱ्यांनी ठरवावं.

धाकटीचा नमस्कार. जीव लावून राहा, बाकी जग सांभाळेलच.

तुझी,
ताई


ता. १८ मार्च

ती. ताईस आणि धाकट्या वहिनींस,

दोघींना एकाच वेळी शि. सा. न. वि. वि. क्रमावरून भांडू नये.

तुझं पत्र जसंच्या तसं वाचलं. म्हातारे इतके हसले की पाणी द्यावं लागलं. मग मी दोघांपुढे करार ठेवला. त्यात तारीख आहे, खलाशांची अदलाबदल करायचा हद्दीवरचा पूल आहे, एकोणऐंशी नावं आहेत, फक्त कुणी किती वाजता सोडायचे ती जागा कोरी आहे. दोघांनीही ती जागा पाहिली. दोघांनीही विचारलं नाही. सह्या झाल्या.

सोबत दोन देशांचे दोन पेपर पाठवतोय. दोन्हींच्या पहिल्या पानावर तोच पूल, तेच खलाशी आणि एकच मथळा, 'आधी आम्ही सोडले!' दोन्ही खरं मानून घे.

यादी आता खिशात नाही. एकेकाचं नाव वाचून मी ती तिथेच पुलावर पुढाऱ्यांना दिली. उरलाय फक्त फाटका खिसा. एक तारखेला तो कोट घालून येतोय.

दार उघडं ठेवा, तेवढंच मागणं.

तुमचा,
बारक्या


ता. २५ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद मोजू नकोस, घे. वि. वि.

पेपर मिळाले. दोन्ही जिन्याच्या वळणावर चिकटवलेत. शेजारणीला सांगितलं, हा माझा भाऊ. चेष्टा सुचलीच नाही.

मशीनला तेल घातलंय, दोरा ओवून ठेवलाय. कोट तेवढा जिन्यातच काढ. खिसा आधी कोण शिवणार यावरून इथे पुन्हा बोलणी अडलीत आणि मधे बसायला दुसरा कुणी माणूस नाही.

तुझी,
ताई

(आणि मी आधी सही केलीय, धाकटी.)