दोन ठिपक्यांचं दुःख

सोमवार, ९ मार्च. सकाळ.
कंपायलर कोसळला. आमचा कंपायलर म्हणजे वैयाकरणच. लोकांनी लिहिलेला प्रोग्राम वाचायचा, शुद्ध असेल तर यंत्राच्या भाषेत उतरवायचा, अशुद्ध असेल तर चुकीखाली बाण काढून नम्रपणे सांगायचं. स्वतः मूर्च्छित व्हायचं नाही. आज झाला. तेही शुक्रवारी ग्राहकांना दाखवायचा नमुना वाचताना. नमुना मी लिहिला आहे, तेव्हा तो निर्दोष धरून चालावं.
संकल्प: चहापर्यंत निदान.

सोमवार. चहानंतर.
चहा आज लवकर आला.
दोष सुसाटचा असणार. प्रोग्राम वेगवान करणारा भाग तो लिहितो, म्हणून हे नाव. ज्याला 'दुःख' धड लिहिता येत नाही, विसर्गाच्या जागी खुशाल कोलन ठोकतो, त्याच्या हातून आणखी काय होणार? विसर्ग म्हणजे नुसते दोन ठिपके नव्हेत, हे किती वेळा सांगावं.
बैठकीत सुचवलं की ज्याची चूक निघेल त्यानं शुक्रवारी ग्राहकांपुढे बोलू नये. मॅनेजरबाईंनी विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. माझं भाषण तयारच आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बोलायला मिळतंय.

मंगळवार, १० मार्च.
सुसाटचा भाग बंद करून पाहिला. तरी कोसळला. म्हणजे बंद असतानाही तो भाग त्रास देतो. प्रकरण वाटलं होतं त्याहून गंभीर.
घरी सौ.ला सांगितलं. म्हणाली, चूक दिसली की तुम्हीही असेच कोसळता. विषय तांत्रिक असल्यामुळे तिला कळला नाही.
आरशासमोर भाषण म्हटलं. उत्तम.

बुधवार, ११ मार्च.
नमुना कापत कापत एका ओळीवर आणला. 'वेग', कोलन, चाळीस. (आमच्या भाषेत नावं मराठीत चालतात. आग्रह माझाच.) यात चूक निघणं अशक्य.
सुसाटनं तीच ओळ स्वतः टाइप केली. सुरळीत चालली. माझी ठेवली. कोसळला.
निष्कर्ष: सुसाटच्या टाइप करण्यात काहीतरी काळंबेरं आहे.

गुरुवार, १२ मार्च.
सुसाटनं ओळ पडद्यावर हातभर मोठी केली. माझे ठिपके पोकळ निघाले.
"काका, हे कोलन नाही," तो म्हणाला. "हे तुमच्या दुःखातलं आहे."
मॅनेजरबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर काही नव्हतं.
मराठी कीबोर्ड चालू राहिला असणार. कीबोर्ड बनवणाऱ्यांना लिहावं लागेल.
तथापि, अशुद्ध वाचलं म्हणून वैयाकरणानंच मूर्च्छित व्हावं का, हा माझा मूळ प्रश्न मी ताठ मानेनं मांडला. सुसाटनं तोही शोधला. विसर्ग मागच्या अक्षराला चिकटतो, अक्षरांची मोजणी चुकते, चुकीखालचा बाण ओळीबाहेर पडतो आणि त्याच्यामागोमाग कंपायलर. बाईंनी विचारलं, हा बाण काढणारा भाग कुणाचा?
म्हटलं, जुना आहे.
किती जुना?
साधारण माझ्याएवढा.

शुक्रवार, १३ मार्च.
सुसाट बोलला. बरा बोलला. स्लाइड बदलायचं बटण माझ्याकडे होतं. जाणकारांना ठाऊक असतं की भाषणाची खरी लय बटणावर असते.
त्यानं माझीच ओळ मुद्दाम चालवून दाखवली. रात्रीत दुरुस्त झालेल्या कंपायलरनं शांतपणे बाण काढला आणि सांगितलं, इथे विसर्ग आहे, कोलन हवा. एका ग्राहकानं हसत विचारलं, असली चूक करतं तरी कोण?
"होते हो, कुणाकडूनही," सुसाट म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
पुढच्या स्लाइडवर, भल्या मोठ्या अक्षरांत, 'नि:संशय'. कोलन घालून.
तोंड उघडलं होतं. मिटलं, आणि बटण दाबलं.