नदीकाठानं दवाखान्याकडे

आई, काल मी कयाधूच्या काठाकाठानं सायकल नेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वनखात्याच्या झाडांमध्ये आता फिरायची वाट केलीये, मुरूम टाकलाय, बसायला सिमेंटचे बाक आहेत. सुट्टीच्या दिवशी हिंगोलीची पोरं गिअरच्या सायकली घेऊन येतात. आपण जायचो तेव्हा तिथं फक्त बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या होत्या. एकीत तू आणि एकीत मी. तुझ्या कॅरिअरला लसीचा निळा डबा बांधलेला असायचा आणि आतला बर्फ खडखडला की तू ओरडायचीस, "हळू चालव, डबा माझ्याकडं हाय पण हादरे तूच दिऊन राहिली." त्याचा अर्थ मला तेव्हाही कळत नव्हता, पण मी हळू चालवायची.

आरोग्य उपकेंद्राच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघीच राहायचो. बाबा गावाकडं शेतीत. नरसीच्या पुढची पाच गावं आणि दोन तांडे तुझ्याकडे. सगळी फिरती सायकलवर. साडी नेसून सायकल चालवणारी नर्सबाई म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली त्यांना. मी नववीत गेले तेव्हा तू मला हिंगोलीहून जुनी सायकल आणून दिलीस, रंग उडालेली, पण चाकं सरळ. दर रविवारी मी तुझ्याबरोबर यायची. डोळे चाकाकडं गेले की तू मागून ओरडायचीस. झाडांचा पट्टा आला की मात्र तूच म्हणायचीस, "जा पुढं." सुबाभळीच्या सावलीतला तो दीडेक किलोमीटरचा तुकडा मी सुसाट काढायची आणि पलीकडच्या ओढ्यापाशी तुझी वाट बघत थांबायची. ओढ्यात तेव्हा घोट्याएवढंही पाणी नसायचं.

तो रविवार मात्र पावसाळ्यातला होता. दोन दिवस झड लागून नुकती उघडीप झालेली. आपण सडकेनं तांड्यावर गेलो. तांड्यातले गडी ट्रॅक्टर घेऊन बाजाराला गेलेले, मागं म्हाताऱ्या, बायका आणि लहान लेकरं. एक म्हातारी तुझ्या सायकलचं हँडल धरूनच आत घेऊन गेली. "सून अडली बाई, सकाळधरनं," एवढंच ती म्हणत होती. मी बाहेर लिंबाखाली दोन्ही सायकली धरून उभी. आतून कण्हण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला, आणि थांबलेला जास्त वाईट वाटला. तू बाहेर आलीस. कोपरापर्यंत हात ओले. म्हातारी विचारत होती, "काहून गं बाई, काय झालं?" आणि तू लसीच्या एका कार्डाच्या पाठीवर लिहीत होतीस. लिहिता लिहिता मला म्हणालीस, "आडवं हाय लेकरू. हात बाहेर आलाय. इथं न्हाई व्हनार."

तुझ्या तोंडावर भीती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"मोठ्या दवाखान्यात जाय. डॉक्टरसाहेबांच्या हातातच दे चिठ्ठी, दुसऱ्या कुणाला देऊ नको. जीप घिऊन या म्हणावं, आत्ताच्या आत्ता. मला हिला सोडून येता येत न्हाई." मी सायकलवर टांग टाकली तेव्हा तू माझा दंड धरलास. "सडकेनंच जाय. नदीकडं वळू नको. काळी माती भिजलेली हाय. ऐकलं का?" मी व्हय म्हणाले.

फाट्यावर येईपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. फाट्यावर मात्र मी एक पाय टेकला. डावीकडं सडक, गावाला वळसा घालून जाणारी, तासभराची. उजवीकडं नदीकाठ, पाऊण तासाचा. काठाची वाट मला तोंडपाठ होती, सडकेवर चढ होता, आणि आतली बाई कण्हायची थांबली होती. मी लवकर पोचले तर तू सगळ्यांना सांगशील, माझ्या पोरीनं पाऊण तासात निरोप नेला, हेही मला तिथं सुचलं. ते लपवत नाही. मी उजवीकडं वळले.

सुरुवातीचा भाग खडकाळ होता, तो चांगला गेला. पुढं शेतं लागली आणि काळी माती. तुला माहीत आहे ती कशी धरते. दोन-चार फेऱ्यांत टायर आणि मडगार्डच्या मधली जागा भरून गेली आणि चाक फिरेचना. मी उतरले, काडीनं माती उकरली, वीस पावलं ढकलली, पुन्हा भरलं. पुन्हा उकरली. हाताची बोटं आत घालून घालून नखं फाटली. चपला मातीत रुतून राहिल्या, त्या मी काढून हँडलला अडकवल्या. मागं फिरावं म्हटलं तर आलेलं अंतर तेवढंच होतं. झाडांच्या पट्ट्यात शिरले तेव्हा जरा बरं झालं, पाल्याचा थर होता, पण सुबाभळीची ती बारीक पानंही मातीला चिकटून चाकात जात होती. ज्या तुकड्यात मी सुसाट सुटायची, तिथं मी सायकल ओढत चालले होते आणि मोठ्यानं रडत होते. ऐकणारं कुणी नव्हतं.

आणि मग ओढा. पाणी लाल, फेसाळलेलं, वाहत्या काड्या आणि कुठल्या तरी झोपडीच्या छपराचं गवत. किती खोल ते दिसत नव्हतं. मी एक पाय घातला आणि ओढ वाटली तशी मागं आले. चिठ्ठी माझ्या फ्रॉकच्या खिशात होती. मी ती काढून पाहिली, शाई पुसली नाही ना म्हणून, आणि परत ठेवली. मग मी काठावर बसले. आई, मी बसले. दमले म्हणून बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण दम गेल्यावरही मी उठले नाही. कुणी गुराखी येईल, कुणी मोठं माणूस येईल, चिठ्ठी घेईल आणि म्हणेल जा पोरी घरी, असं मला वाटत होतं. कुणी आलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. अर्धा तास तरी असावा, जास्तही असेल. समोरच्या काठावरचं ऊन सरकून झाडाच्या बुंध्यावर गेलं, एवढं आठवतं.

शेवटी सायकलच आधाराला धरून मी पाण्यात शिरले. मांडीपर्यंत आलं. मधोमध सायकल वाहायला लागली आणि मी ती सोडणार होते, पण तिच्यामुळंच उभी होते. पलीकडं निघाले आणि उरलेली वाट कधी चालवत, कधी पळत गेले.

डॉक्टरसाहेब व्हरांड्यात होते. चिठ्ठी वाचून त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, तो हात न धुताच जेवणावरून उठला. जीपमध्ये चढता चढता साहेबांनी विचारलं, "किती वाजता निघालीस?" मी सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "एवढा उशीर कसा झाला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चेन पडत होती, साहेब." जीप गेली. तिथल्या शिपाईमामांनी मला चहा दिला आणि मी तो हातात धरून बसले. दिवस मावळता मावळता जीप परत आली आणि न थांबता हिंगोलीकडं गेली. मागच्या बाजूला तू त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली दिसलीस. तू बाहेर पाहिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू एसटीनं आलीस. मी विचारायच्या आधीच म्हणालीस, "बाई वाचली."

"आन् लेकरू?"

"न्हाई."

मग तू आंघोळ केलीस, स्वयंपाक केलास, आणि चार वाजता माझी सायकल अंगणात उलटी करून धुवायला घेतलीस. मी दारात उभी. मडगार्डच्या आत वाळलेला मातीचा गोळा तू उलथन्यानं काढलास, हातात घेतलास आणि बघत राहिलीस. त्यात सुबाभळीची पानं होती. सडकेला एकही सुबाभूळ नाही. तू तो गोळा कुंपणापलीकडं फेकलास, चेनला तेल दिलंस आणि सायकल भिंतीला लावलीस. मला वाटलं आता मारशील. तू म्हणालीस, "भात खाऊन घे."

आठवड्याभरात तुला नोटीस आली, निरोप उशिरा का पाठवला म्हणून. तू टेबलावर बसून उत्तर लिहिलंस. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी ते वाचलं. चेनचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. परिस्थितीचा अंदाज येण्यास माझ्याकडून विलंब झाला, असं लिहून तू खाली सही केली होतीस.

त्याच्या पुढच्या रविवारी तू म्हणालीस, "चल." आपण फाट्यावर आलो आणि तू उजवीकडं वळलीस. माती वाळली होती. झाडांचा पट्टा आला, तू मला पुढं जा म्हणाली नाहीस. ओढ्यापाशी आपण दोघी उतरलो. पाणी ओसरलेलं. काठावर माझ्या बसण्याची जागा मला दिसत होती, तुलाही दिसत असेल असं वाटलं. तू पाण्याकडं बघत विचारलंस, "इथं किती येळ होतीस?"

"इथं कुठं? मी सडकेनं गेलते."

तू माझ्याकडं वळून पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू नुसती बघत होतीस, एखाद्या पेशंटची नाडी हातात धरून घड्याळाकडं बघायचीस तशी. मग म्हणालीस, "बरं. सायकल उचल, चाक भिजवू नको." त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, आणि मला फिरतीवरही कधी नेलं नाहीस. तीन वर्षांनी काविळीनं गेलीस. शेवटच्या दिवसांत तू शुद्धीत होतीस, मी उशाशी होते, आणि वेळ पुष्कळ होता. मी तुझ्या पायांना तेल लावत राहिले.

दोन-तीन वर्षांपूर्वी हिंगोलीच्या स्टँडवर एका बाईनं माझा हात धरला. चाळिशीची, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी. "तू शिष्टरची पोरगी न्हवं? तोंड तसंच हाय." मी व्हय म्हणाले. ती मुलीला म्हणाली, "हिच्या पाया पड. ही पोरगी येवढ्या चिखलातनं सायकल घिऊन पळाली म्हणून मी हाय, आन् मी हाय म्हणून तू हायस." चिखलातनं, असं म्हणाली ती. म्हणजे तू तिला सांगितलं होतंस. काय आणि किती, ते मी विचारलं नाही. ती मुलगी खरंच वाकली. मी तिला अर्ध्यात धरलं, आणि माझी गाडी लागली म्हणून खोटंच सांगून निघाले.

काल त्या ओढ्यावर पूल झालेला पाहिला. मी पुलावर न जाता खाली उतरले आणि बराच वेळ उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन हे लिहायला बसले. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, वह्यांच्या कप्प्यात राहतील.

एक सांगायचं राहिलं. माझी लेक आता सायकल शिकतेय आणि तिला आजीची गोष्ट लागते, तीच, तांड्यावरची. परवा पुन्हा सांगितली. बाळ वाचतं त्यात, ती लहान म्हणून ते मी बदललंय. पण बाकीचंही मी बदललंय, आई. त्यात मी अजून सडकेनंच जाते.